टॅमसिनसाठी दोन ओळी

...आणि मासा तरी कसला, शुक्रवारी नदीत सापडलेला, कोपराएवढा, तो छातीशी धरून पेपरातल्या फोटोत उभा आमचा निवृत्त पोस्टमन डग्लस, आणि खाली पाव पानभर मजकूर, की मासा कुठं लागला, कसल्या आमिषाला लागला, किती वेळ झुंजला, आणि तो झुंजत असताना डग्लसच्या मनात काय काय येऊन गेलं... माशाची मुलाखत तेवढी राहिली, तीही तो मेलेला होता म्हणून. आणि त्याच शुक्रवारी, तुम्हाला सांगते, त्याच शुक्रवारी आमच्या टॅमसिननं बास्केटबॉलमध्ये पाहुण्या संघाविरुद्ध एकटीनं अठ्ठावीस गुण केले होते, शेवटच्या मिनिटाला दोन धिप्पाड पोरींच्या डोक्यावरून चेंडू काढून नेऊन टाकला होता, आणि त्याबद्दल पेपरात किती ओळी? एक नाही. मी पान उलटलं, सुलटं केलं, राशिभविष्याच्या खाली पाहिलं, मृत्यूच्या बातम्यांत पाहिलं, म्हटलं चुकून तिकडे गेली असेल. नाही.

उठले ती तशीच गेले. पेपरचं ऑफिस म्हणजे आमच्या डन्स क्रॉसिंगच्या बेकरीला लागून असलेली एक खोली, आणि पेपर म्हणजे एकटा नेव्ह ट्रेलोर. संपादक तो, वार्ताहर तो, फोटो काढणारा तो, आणि शनिवारी फूटीच्या मैदानावर वेळ संपली की भोंगा वाजवणाराही तोच. फूटी म्हणजे आमचा तो लांबट चेंडूचा फुटबॉल, उडी मारून चेंडू हातानं झेलायचा आणि लाथेनं मारायचा. इथं पोर पाळण्यात असतानाच ते कुठल्या संघाचं हे ठरलेलं असतं, नाव मागाहून ठेवतात. तर मी म्हटलं, नेव्ह, मासा छापलात, चांगला आहे मासा, माझं माशाशी वैर नाही, पण आमच्या टॅमसिनच्या दोन ओळी? तर चष्मा कपाळावर चढवून, अशा काही मायेनं माझ्याकडे बघतो की वाटावं आता याच्याच डोळ्यांत पाणी येणार, आणि म्हणतो, "जागा नव्हती गं पोरी. जागा असती तर दिली नसती का?"

जागा नव्हती! अहो, फूटीच्या मोठ्या संघाला एक पान, राखीव संघाला अर्धं, सोळा वर्षांखालच्यांना पाव, बारा वर्षांखालच्या चिमुरड्यांच्या सामन्यात तर गुणसुद्धा मोजत नाहीत, मुलं हिरमुसतील म्हणून, म्हणजे कोण जिंकलं ते कुणालाच ठाऊक नसतं, तरी त्याचा वृत्तांत! मग कबुतरांच्या शर्यती. मग मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धा, त्यात कुत्र्याचं नाव आधी, मालकाचं नंतर. मग हिरवळीवर गोळे घरंगळवणारे आजोबा, ओळीनं, टोप्या घालून. या सगळ्यांना जागा आहे, असू दे, म्हाताऱ्यांना आनंद होतो, कुत्र्यांनाही होत असेल. पण शुक्रवारी संध्याकाळी गावातल्या शंभर-दीडशे पोरी ज्या हॉलमध्ये घाम गाळतात, त्या हॉलला जागा नाही.

तुम्ही म्हणाल, हिला एवढं का लागलंय? सांगते. मी याच हॉलमध्ये खेळले. हॉल कसला, लोकर साठवायचं जुनं गोदाम, पत्र्याचं, अजून पावसाळी हवेत भिंतींना मेंढीचा वास येतो. तिथून शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत शिकायला गेले, नेब्रास्कात, आमच्या गावापेक्षा लहान गावात. तिथं मी खेळले किती? खरं सांगू का, बाकावर बसून बसून बाकाला माझा आकार आला. पण एकदा सरावात माझा घोटा मुरगळला, तर तिथल्या पेपरात तीन परिच्छेद. घोट्याला! दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर दूधवाल्या आजीबाई विचारतात, कोण कुठल्या त्या, "घोटा कसा आहे बाळ?" तिथं शाळकरी पोरींचा सामना रेडिओवर सांगतात, शेतकरी ट्रॅक्टरवर बसून ऐकतो, न्हाव्याच्या दुकानात वाद होतात की अमकीनं तो पास आधी द्यायला हवा होता. आणि मी पाहिलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की लोक बघायला लागले की यथातथा खेळणारी पोरगीही हातभर उंच उडी मारायला लागते.

शिक्षण संपलं. सगळे म्हणाले, राहा इथंच. मी म्हटलं, नाही, आपल्या पोरी यांच्यापेक्षा कशातच कमी नाहीत, त्यांना दाखवणारं कुणी नाही एवढंच, मी जाते आणि दाखवते. आले, हॉलची किल्ली घेतली आणि पोरींना शिकवायला लागले. मनात केवढं काय काय घेऊन आले, ते तुम्हाला सांगायला लागले तर संध्याकाळ होईल. अहो, आमच्या देशाच्या बायका जगात जाऊन बास्केटबॉलचं पदक जिंकून येतात, आणि त्याची बातमी हवामानाच्या आधी अर्धा मिनिट, तीसुद्धा त्या दिवशी फूटीतल्या कुणाचा गुडघा दुखत नसेल तर. बास्केटबॉल खेळणारी पोरं-पोरी घराघरात आहेत, गल्लोगल्ली दाराला कडी लावावी तशी बास्केट लावलेली आहे, आणि पेपर उघडला तर जणू या देशात बास्केटबॉल नावाची गोष्टच नाही.

आणि मग मी टॅमसिनला पाहिलं.

टॅमसिन कॉट्रेल, बेकरीतल्या डीआनची मुलगी. तेव्हा शाळेचं शेवटचं वर्ष. पोर बोलायची कमी, चालताना पोक काढायची, उंचीची लाज वाटते तशी. पण चेंडू वर गेला की... कसं सांगू... बाकीच्या पोरी उडी मारायच्या आणि खाली यायच्या, ही वर गेली की वर जरा थांबायची. मी अमेरिकेत चार वर्षं बाकावर बसून फार चांगल्या चांगल्या पोरी पाहिल्या, बाकावरून चांगलं दिसतं, तर अशी एक पाहिली नव्हती. आणि मला धडकीच भरली. का, तर आमच्याकडे शाळा सुटली की पोरीचा खेळ सुटतो. कुणी सोडायला सांगत नाही. नोकरी लागते, शुक्रवारी कामाची पाळी येते, एक आठवडा चुकतो, दुसरा चुकतो, आणि बूट धाकट्या बहिणीला होतात. बेकरीत डीआनच्या शेजारी टॅमसिनसाठी एप्रन अडकवलेलाच होता. मला एवढंच हवं होतं, की वर्ष संपायच्या आत कुणीतरी तिला बघावं. शहरातल्या क्लबनं बघावं, राज्याच्या संघानं बघावं, अमेरिकेतल्या कॉलेजनं बघावं, कुणीही. आणि दूरच्या माणसानं बघायचं तर आधी जवळच्या पेपरात यायला नको का?

म्हणून मी दर सोमवारी स्वतः वृत्तांत लिहून नेव्हच्या टेबलावर ठेवायची. पहिल्यांदा मी अख्खं पान लिहिलं. मग अर्धं केलं. मग पाव. मग म्हटलं, नेव्ह, नुसतं नाव आणि गुण. तो वाचायचा हं, प्रामाणिकपणे वाचायचा, म्हणायचा, "छान लिहितेस गं, अमेरिकेला जाऊन आलेली दिसतेस." आणि मग ते कपाळावर चष्मा चढवणं, "जागा नाही गं पोरी. जागा असती तर दिली नसती का?" एकदा म्हणाला, हॉलमध्ये फोटो पिवळे येतात. एकदा म्हणाला, तुमच्या खेळात मिनिटाला बास्केट होते, त्यातली कोणती लिहायची माणसानं? म्हणजे आमच्या पोरी गुण कमी करतील तर बातमी येईल!

नाही, खोटं कशाला बोलू, एकदा आलो आम्ही पेपरात. छपरातून एक पॉसम, म्हणजे आमच्याकडचा तो झाडांवर राहणारा मांजराएवढा केसाळ प्राणी, उतरला आणि बास्केटच्या फळीवर शेपटी गुंडाळून बसला. सामना अडीच तास बंद. नेव्ह धावत आला. फोटो काय, मथळा काय, पॉसमचं वर्णन काय... आणि त्याच्या खाली, वाकून बघितलं तर दिसेल, टॅमसिनचा अर्धा कान.

दुसऱ्यांदा मी जिल्ह्याच्या टीव्हीवाल्यांच्या मागे लागले. इतकी लागले, इतकी लागले, की शेवटी त्यांनी एक मुलगा कॅमेरा देऊन पाठवला. मी हॉल पुसून घेतला, पोरींना केस बांधायला सांगितले, आनंदानं मला जेवण गेलं नाही. आणि त्याच संध्याकाळी कोण सामना बघायला येऊन बसावं? फूटीच्या मोठ्या संघाचा गोल मारणारा, तो दांडगा क्रेग, मांडीची शीर ताणलेली म्हणून घरी बसून कंटाळला होता, भाचीला बघायला आला. झालं. कॅमेरा त्याच्याकडे फिरला तो फिरलाच. बातमीत काय, तर क्रेग चिप्स खातो आहे, क्रेगची शीर आता बरी आहे, क्रेग शनिवारी खेळेल अशी आशा. आणि मागे, धूसर, एक लांब पोरगी हवेत थांबलेली. मी टीव्हीसमोर उभी राहून बोटानं दाखवत होते, ती बघा, ती बघा! दाखवतेय कुणाला, तर घरातल्या कुत्र्याला. कुत्र्यानं पाहिली.

मग मी ठरवलं, आता कुणाच्या दारात जायचं नाही. डीआन प्रत्येक सामन्याला फोन धरून बसायची, तिच्याकडे सगळं चित्रण होतं. हात हलायचा तिचा, मध्येच फरशी दिसायची, मध्येच तिचंच "पळ गं, पळ!" ऐकू यायचं, पण होतं. आम्ही दोघींनी बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांवर बसून, त्यातल्या टॅमसिनच्या सगळ्या उड्या काढल्या, एकामागून एक लावल्या. तीन मिनिटांची फिल्म झाली. शेवटी डीआन मला म्हणाली, "हे खरंच माझीच मुलगी करते?" आणि पीठ लागलेल्या हातानं डोळे पुसले, तर सगळं तोंड पांढरं. ती फिल्म मी पाठवली. कुठं पाठवली विचारा. क्लबांना, राज्याला, अमेरिकेला, वर्तमानपत्रांना, जिथं म्हणून पत्ता मिळाला तिथं. आणि वाट पाहिली. महिना गेला. कुणी नको म्हणालं असतं ना, तरी मला चाललं असतं... नको म्हणायला तरी माणसाला बघावं लागतं.

आणि आमची जिल्ह्याची अंतिम फेरी आली. शुक्रवार, हॉलमध्ये नेहमीचीच माणसं, म्हणजे आया, काही बाप, आणि बाहेर सॉसेज भाजणारे दोघं. आणि वरच्या रांगेत एक अनोळखी गृहस्थ! शहरी जाकीट, हाताची घडी, आणि डोळे? एका टॅमसिनवर. मधल्या सुट्टीत मी गेले. म्हणाला, "मी रॉस लिडियार्ड. तुमची फिल्म पाहिली." माझी फिल्म! मी त्याला वरून खाली आणला, चांगल्या खुर्चीवर बसवला, चहा दिला, पावात सॉसेज घालून दिलं, कांदा जास्त घालायला लावला. तो फार शांतपणे विचारत होता. न थांबता किती पळते? म्हटलं, तुम्ही थांब म्हणेपर्यंत. पडायला घाबरते का? म्हटलं, गुडघे बघा तिचे. ओला चेंडू हातात टिकतो का? ओला? आता हॉलमध्ये चेंडू कसा ओला होणार? पण म्हटलं याला आमच्या छपराचं कुणीतरी सांगितलेलं दिसतंय, म्हणून मी म्हटलं, हो हो, छप्पर गळतं ना आमचं, सवय आहे तिला. तो समाधानानं हसला. आणि मग त्यानं विचारलं, "लाथ दोन्ही पायांनी मारते का?"

...

तुम्हाला सांगते, तो शहरातल्या फूटीच्या क्लबाचा माणूस होता. मुलींच्या संघासाठी उंच पोरी शोधत हिंडतो. म्हणाला, "हवेत चेंडू झेलायची ती उडी शिकवून येत नाही. लाथ मारायला आम्ही शिकवू. तुमची फिल्म आमच्या सगळ्या प्रशिक्षकांनी बघितली. फार छान केलीय." मी दळत बसले होते आंधळ्यासारखी, आणि पीठ... जाऊ दे. कुत्रं म्हणवत नाही मला त्याला, माणूस खरंच सभ्य होता. कप धुऊन ठेवला त्यानं.

सामना आम्ही जिंकलो. टॅमसिननं जिंकून दिला. आमच्याकडे शेवटचा सामना खेळणाऱ्यांनीच हॉल झाडायचा असतो, मग जिंकलात तरी. पोरी झाडू घेऊन पांगल्या, आणि टॅमसिन माझ्याजवळ येऊन झाडत राहिली, एकाच जागी. म्हणाली, "इमो, मी त्याला हो म्हटलं."

मी म्हटलं, टॅम, एक वर्ष थांब. मी पुन्हा पाठवते, नेब्रास्कातल्या माझ्या कोचना स्वतः बोलते, शहरातल्या क्लबात मी स्वतः जाऊन बसते...

"तू सगळ्यांना पाठवलंस," ती म्हणाली. "मला माहितीय. कुणाचं उत्तर आलं?"

मी पुढ्यातल्या खुर्च्या भिंतीकडे सरकवायला लागले.

"याचं आलं. हा गाडी चालवत इथवर आला, इमो. याला माझं नाव माहीत होतं. मी डाव्या पायावर उतरते हे माहीत होतं." मग म्हणाली, "शनिवारी मैदानाभोवती गाड्या लावून लोक आतच बसतात ना थंडीचे, आणि गोल झाला की सगळे हॉर्न वाजवतात. आमच्या घरापर्यंत ऐकू येतात. लहानपणी मला वाटायचं, कुणाचं तरी लग्न आहे. इथं मी बास्केट केली की आई टाळ्या वाजवते, आणि तू. मला एकदा, एकदाच, तो हॉर्न माझ्यासाठी वाजलेला ऐकायचाय."

मी म्हटलं, आणि हे? हे आवडत नाही तुला?

तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "हेच आवडतं."

मी सुपली धरली. तिनं केर भरला. तिला थांबवायला माझ्याकडे दोन माणसांच्या टाळ्या होत्या, त्यातली एक मीच.

आणि मग? मग नेव्ह ट्रेलोर हॉलमध्ये आला. आपल्या पायांनी आला! पॉसमनंतर पहिल्यांदा. टॅमसिनला म्हणाला, फूटीचा पोशाख अजून आलेला नाही ना, मग हाच घाल, आणि चेंडू घे हातात तो तुमचा. आणि फोटोसाठी फरशीवर उताणा झोपला, साठीचा माणूस, एक डोळा मिटून, "अजून एकदा उडी मार गं, अजून एकदा..." बुधवारी पेपर आला. पहिलं पान. अख्खं. हॉल असा झळकतोय, पिवळा नाही, काही नाही, पत्र्यालासुद्धा चमक आलेली, आणि मधोमध आमची टॅमसिन, हवेत, पोक नाही, काही नाही, आमच्या निळ्या जर्सीमध्ये. मथळा, "आपली टॅम निघाली फूटीला". खाली तिची उंची, तिचा आहार, तिच्या आजोबांनी कोणे एके काळी राखीव संघात मारलेला गोल, क्रेगच्या शुभेच्छा... आणि अगदी तळाशी, लहान अक्षरात, ती आधी बास्केटबॉल खेळायची आणि बरी खेळायची असं. मोजल्या मी. दोन ओळी. वर्षभर मी दोनच तर मागत होते.

नेव्ह भेटला रस्त्यात, म्हणाला, "बघ, मिळाली की नाही जागा?" आणि खरं सांगते, त्याच्या डोळ्यांत इतका आनंद होता, की मी म्हटलं, मिळाली नेव्ह, छान आलाय फोटो. आलाच होता छान. डीआननं चौकटीत घालून बेकरीत लावलाय, पावांच्या वर. एप्रन अजून खुंटीलाच आहे, त्याला कुणी नाही. टॅमसिन शहरात आहे, तिथं डॉक्टर आहेत, मालिश करणारे आहेत, आठवड्याला पगार आहे. फोन करते मला. परवा म्हणाली, इमो, इथं चेंडू हातातून निसटतो गं, फार वेडावाकडा उसळतो. मी म्हटलं, सवय होईल.

त्या पानानंतरच्या शुक्रवारी मी हॉल उघडायला गेले. खरं तर जायचं मनात नव्हतं. नेब्रास्काच्या कोचनी मला नोकरीचं विचारलं होतं, तेच डोक्यात घोळत होतं, म्हटलं आज किल्ली देऊन टाकावी कमिटीला. तर हॉलसमोर गाड्या! एवढ्या गाड्या मी तिथं कधी पाहिल्या नाहीत, वाटलं छप्पर कोसळलं की काय. आया उभ्या, ओळीनं, प्रत्येकीच्या हाताला एक पोरगी, काही उंच, काही अजिबात नाही. सगळ्यात पुढची आई, मी तिला ओळखते, नवरा फूटीच्या कमिटीत आहे, आजवर हॉलची पायरी चढलेली नाही, ती म्हणाली, "पेपरात वाचलं. इथं खेळलं की पुढं फूटीत घेतात म्हणे. खरं आहे का?"

आता माझ्याकडे याच्यावर भाषण तयार होतं. या खेळाला स्वतःचा मान आहे, हा कशाची पायरी नाही, तुमच्या मुली इथं याव्यात त्या इथंच राहण्यासाठी... वर्षभर मनात घोटलेलं, कुणी विचारतच नव्हतं म्हणून राहिलेलं भाषण. तोंड उघडलंसुद्धा मी. तेवढ्यात तिच्या पोरीनं हात सोडवला, टोपलीतून एक चेंडू उचलला, एक टप्पा टाकला, दुसरा टाकला, आणि वर बास्केटकडे बघत राहिली, तोंड उघडं टाकून.

मी म्हटलं, "घेतात ना, हमखास घेतात. हिचा बुटाचा नंबर काय?"